जुन्या भिंगांचा कैवार

गेल्या मार्च महिन्यांत, परीक्षांच्या गडबडींत, आमच्या महाविद्यालयाच्या अध्यापकांच्या खोलींत एक वाद झाला. वस्तु क्षुल्लक होती. पण वाद निकालांत निघाला नाहीं, आणि त्यानंतर त्याच अर्थाचीं मतें आम्हांस इतक्या ठिकाणीं ऐकावीं लागलीं कीं, त्यांचा एकदां समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटूं लागलें आहे.

त्या दिवशीं आमच्या हातांत एक लहानसा डिजिटल कॅमेरा होता व त्याच्या तोंडाशीं आमच्या कैलासवासी मामांचें भिंग बसविलेलें होतें. मामा भिलाईच्या पोलाद-कारखान्यांत इंजिनियर होते. त्या कारखान्याच्या कामासाठीं जे तरुण सोव्हिएत रशियांत शिकावयास पाठविण्यांत आले त्यांत तेही होते, व परत येतांना त्यांनीं झोर्की-४ नांवाचा कॅमेरा बरोबर आणला होता. त्या कॅमेऱ्यांतील कापडी पडदा केव्हांच विरून गेला. भिंग मात्र शाबूत राहिलें. आमचे एक विद्वान सहकारी, जे अर्थशास्त्र शिकवितात व दर दोन वर्षांनीं नवा फोन घेतात, हें जोडकाम पाहून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, मोटारीला बैलगाडीचीं चाकें लावण्याचा हा उद्योग कशासाठीं?" सारे हंसले. आम्हीही हंसलों, कारण उपमा चटकदार होती. घरीं गेल्यावर विचार करतां ती मुळांतच खोटी आहे असें ध्यानांत आलें. पण चटकदार उपमेला उत्तर नेहमीं घरीं गेल्यावरच सुचतें.

चाक रस्त्याप्रमाणें बदलतें. खडकाळ वाटेला लांकडी चाक व लोखंडी धांव ठीक होती, डांबरी रस्ता आला तेव्हां रबर आलें. भिंगाचा रस्ता म्हणजे प्रकाश, आणि तो कांहीं बदललेला नाहीं. काचेंत शिरतांना किरण आज जितका वांकतो तितकाच तो मामांच्या तरुणपणींही वांकत होता. बदललें आहे तें त्या किरणाला झेलणारें भांडें. पूर्वीं तेथें फिल्म होती, आज संवेदक आहे, उद्यां आणखी कांहीं असेल. आमच्या मित्रांच्या उपमेंत गाडी व चाक यांची अदलाबदल झाली आहे, इतकेंच नव्हे, तर आज सारा व्यापार याच अदलाबदलीवर चालला आहे.

आम्ही पदार्थविज्ञान शिकवितों, म्हणून या भिंगाची कुळकथा सांगण्याचा मोह आंवरत नाहीं. त्याचें नांव जुपिटर-८. नाभीय अंतर ५० मिलिमीटर, व तोंड जास्तींत जास्त एफ/२ इतकें उघडतें. नांव रशियन असलें तरी रचना जर्मनीची. झाइस कंपनींत लुडविग बर्टेले या रचनाकारानें १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सोनार हें भिंग सिद्ध केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर ती रचना रशियनांच्या हातीं गेली आणि जुपिटर या नांवानें निघूं लागली. यांत काचा सहा आहेत, परंतु त्या तीन गटांत आहेत व प्रत्येक गटांतील काचा एकमेकींस चिकटविलेल्या आहेत. पहिला गट तेवढा एकाच काचेचा. त्यामुळें काच व हवा यांच्या गांठीचे पृष्ठभाग अवघे सहाच राहतात. बिनलेपाच्या काचेच्या दर पृष्ठभागावरून शेंकडा सुमारें चार प्रकाश मागें परततो, आणि असा परतलेला प्रकाश आंतल्या आंत भटकून चित्रावर धुकें पसरवितो. काचेवर लेप देण्याची विद्या पुढें आली ती बर्टेलेच्या रचनेनंतर. त्याच्यापुढें मार्ग एकच होता: पृष्ठभागच कमी करणें. अडचणींतून निघालेल्या अशा युक्तीस 'कालबाह्य' म्हणणें हें पायथागोरसाच्या सिद्धांतास कालबाह्य म्हणण्यासारखें आहे.

आतां कॅमेऱ्याविषयीं. तो जपानच्या रिको कंपनीचा जीएक्सआर. २००९ सालच्या अखेरीस तो बाहेर आला तेव्हां त्याची घडण इतर कॅमेऱ्यांहून फारच निराळी होती. धडांत पडदा, बटणें, बॅटरी. आणि भिंग व संवेदक हीं दोन्ही मिळून एक बंद पेटी, जी खांचेंत बाजूनें सरकवून बसवावयाची. दुसरें भिंग हवें असेल तर दुसरी पेटी घ्यावी, म्हणजे भिंगाबरोबर संवेदकही दुसरा. यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. भिंग व संवेदक एकमेकांसाठींच घडविलेले, मध्यें धूळ शिरावयास वाव नाहीं, आणि प्रत्येक जोडी आपल्या कामापुरती नेमकी. कागदावर हा विवाह आदर्श होता. परंतु संवेदकाचें आयुष्य अल्प. चार-पांच वर्षांत त्याहून सरस संवेदक निघतो, आणि मग उत्तम भिंगालाही त्याच्याबरोबर सहगमन करावें लागतें! जी प्रथा एकोणिसाव्या शतकांत कायद्यानें बंद केली ती यंत्रांच्या जगांत अशी परत यावी, आणि तिचें समर्थन सुशिक्षितांनीं करावें, याचें आम्हांस नवल वाटतें.

गंमत अशी कीं, या तत्त्वाचें खंडन पुढें रिकोनें स्वतःच केलें. २०११ सालीं त्याच कंपनीनें जीएक्सआरसाठीं एक निराळी पेटी काढली. तिच्यांत संवेदक होता, पण भिंग नव्हतें. भिंगाच्या जागीं लायकाच्या एम-माउंटचें मोकळें तोंड होतें. सव्वा कोटी चित्रकणांहून किंचित कमी क्षमतेचा तो संवेदक जुन्या भिंगांच्या सोयीसाठींच सिद्ध केला होता. फिल्मवर किरण कितीही तिरपे पडले तरी चालतें. संवेदकाचें तसें नसतें. त्याच्या प्रत्येक कणावर एक सूक्ष्म भिंग असतें, आणि फार तिरपा किरण त्याच्या कक्षेबाहेर जातो. त्यामुळें कित्येक जुन्या रुंद कोनाच्या भिंगांनीं काढलेल्या चित्राच्या कडा जांभळ्या किंवा अंधुक होतात. रिकोच्या इंजिनियरांनीं हीं सूक्ष्म भिंगें त्या तिरप्या किरणांचा विचार करून मांडलीं, संवेदकावरील एक गाळणीही काढून टाकली. शिवाय मागच्या बाजूस फार बाहेर आलेलें भिंग आंत आदळूं नये म्हणून तें आधीं मापून पाहण्याचें एक साधन डब्यांतच दिलें. त्या लहानशा साधनास आम्ही मनांतल्या मनांत नमस्कार करतों. स्वतः न बनविलेल्या, किंबहुना कोणीं व केव्हां बनविलीं हेंही ठाऊक नसलेल्या भिंगांची काळजी वाहणारी कंपनी आम्हांस दुसरी फारशी आढळलेली नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, एकाचें भिंग दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसतें तरी कसें? उत्तर केवळ अंतराचें आहे. प्रत्येक पद्धतींत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर ठरलेलें असतें. जुन्या लायकाच्या, आट्यांनीं फिरवून बसवावयाच्या भिंगांसाठीं तें २८.८ मिलिमीटर. १९५४ सालीं लायकानें आटे सोडून एम-माउंट आणला तेव्हां हें अंतर २७.८ ठेवलें, म्हणजे बरोबर एक मिलिमीटर कमी. या एका मिलिमीटरांत मोठें सौजन्य सांठविलेलें आहे: एक मिलिमीटर जाडीचें कडें मध्यें घातलें कीं, पूर्वीचीं सगळीं भिंगें नव्या कॅमेऱ्यावर चालूं लागत. मामांचें भिंग रिकोवर बसलें तें अशाच एका कड्यानें. ज्या कॅमेऱ्यांत आरसा असे त्यांत त्या आरशास फिरावयास जागा लागे, म्हणून निकॉनच्या एफ-माउंटमध्यें हें अंतर ४६.५ आहे, कॅननच्या एफडीमध्यें ४२. आजच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत तें फारच आंखूड झालें आहे: सोनीच्या ई-माउंटमध्यें १८, निकॉनच्या झेडमध्यें १६. आंखूड अंतराच्या कॅमेऱ्यावर लांब अंतराचें भिंग बसविणें म्हणजे मध्यें एक पोकळ नळी घालणें. तींत ना काच, ना तार, ना परवाना. लेथवर काम करणारा कोणीही चांगला कारागीर ती कांतून देईल.

कॅननच्या इतिहासांत तर या अंतरानें मोठा विनोद केला आहे. १९८७ सालीं त्या कंपनीनें एफडी सोडून ईएफ नांवाचा नवा माउंट आणला, आणि त्याचें अंतर ठेवलें ४४ मिलिमीटर, म्हणजे जुन्याहून अधिक. परिणाम असा कीं, लोकांच्या घरचीं एफडी भिंगें कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यावर दूरचा डोंगर स्पष्ट दाखवीनात. मध्यें आणखी काच घालावी तर चित्र बिघडे. एका रात्रींत तीं भिंगें पोरकीं झालीं. ईएफ पद्धति उत्तम होती, हें आम्हांस मान्य आहे. तिनें फोकसाचें काम भिंगांतील मोटरीकडे दिलें व तो मार्ग पुढें सर्वांनीं धरला. पण पोरकेपणा तो पोरकेपणाच. पुढें एकतीस वर्षांनीं, २०१८ सालीं, कॅननचा बिनआरशाचा आरएफ माउंट निघाला. त्याचें अंतर २० मिलिमीटर. बावीस मिलिमीटरांची नळी घालतांच तींच टाकलेलीं भिंगें घरीं परत आलीं. कंपनीनें त्यांस बोलाविलें नव्हतें, भूमितीनें बोलाविलें.

आणि आतां आमच्या मूळ तक्रारीकडे येतों. ही पोकळ नळी सर्वांस मोकळी आहे ती केवळ तिचें माप कॅलिपरनें घेतां येतें म्हणून. लायकाच्या ३९ मिलिमीटर आट्यांचें माप ज्यानें त्यानें घेतलें, आणि रशिया, जपान, इटली, इंग्लंड अशा देशोदेशींच्या कारखान्यांनीं त्या आट्यांचीं भिंगें काढलीं. दुसऱ्या महायुद्धानंतरचे कॅननचे रेंजफाइंडर कॅमेरेही या उसन्या आट्यांवरच निघत. त्याच कॅननच्या आरएफ माउंटसाठीं एका चिनी कंपनीनें स्वयंचलित फोकसाचीं भिंगें काढलीं, तेव्हां २०२२ सालीं तिला तीं विकणें बंद करावयास लावण्यांत आलें. २०२४ सालीं सिग्मा व टॅमरॉन यांस परवाना मिळाला तो लहान संवेदकाच्या भिंगांपुरता. कायदा कंपनीच्या बाजूस असेल. आम्ही वकील नव्हे. ज्यानें शेजाऱ्याच्या विहिरीवर बाग वाढविली त्यानें आपल्या विहिरीस कुलूप लावावें, हें मात्र कोणत्याही कायद्यानें शोभत नाहीं.

नव्या माउंटमधील आटे अथवा खांचा आजही मोजतां येतात. मोजतां येत नाहीं तें भिंग व कॅमेरा यांच्यामधील तारांतून चालणारें संभाषण. तें गुप्त आहे, आणि आज भिंगाचा प्राण त्यांतच ठेवलेला आहे. आमच्या भाच्याकडे एका नामांकित कंपनीचें आधुनिक भिंग आहे. त्यांतील मोटर बिघडली. आम्हांस वाटलें, नाहीं तर नाहीं, हातानें फोकस करूं. पण त्याचें कडें कितीही फिरविलें तरी आंतली काच हालेना. तें कडें काचेस जोडलेलेंच नसतें. तें मोटरीस हुकूम देतें, व मोटर मेली असल्यास हुकूम पाळावयास कोणी नसतो. दुरुस्ती-केंद्रांत गेलों तर तेथील विनयशील तरुणानें सांगितलें कीं, तो भाग आतां येत नाहीं, नवें भिंग घेणें बरें. त्या भिंगाचें वय होतें नऊ वर्षें. काचा निर्दोष होत्या, सोनारपेक्षां कितीतरी पटींनीं सरस होत्या. आणि त्या काचा आज भाच्याच्या टेबलावर कागद उडूं नयेत म्हणून ठेवलेल्या आहेत.

आमच्या अर्थशास्त्रज्ञ मित्रांनीं याचा हिशेब एकदां करावा अशी त्यांस विनंति आहे. मामांच्या पिढीनें घेतलेलें भिंग भाच्याच्या उपयोगास पडतें. आमच्या भाच्यानें घेतलेलें त्याच्याच पुढच्या दहा वर्षांस पुरत नाहीं. हीस प्रगति म्हणावयाचें तर प्रगतीचा फायदा कोणाच्या वहींत जमा झाला? 'हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा शौक आहे' हा त्यांचा दुसरा आक्षेप लायकाच्या भिंगांपुरता खरा आहे. त्यांच्या किंमती ऐकून प्राध्यापकाच्या वेतनास घाम फुटतो. पण जुन्या भिंगांचें जग म्हणजे लायका नव्हे. आम्हांस खर्च पडला तो एका जुन्या कॅमेऱ्याचा व एका पितळी कड्याचा.

येथवर वाचून एक निराळा पक्ष टाळ्या पिटीत असेल, आणि त्याच्या टाळ्यांचें आम्हांस अधिक भय वाटतें. जुन्या भिंगास 'आत्मा' असतो, नवें भिंग निर्जीव, असें हा पक्ष सांगतो. हेलिऑस-४४ हें रशियन भिंग घ्या. झाइसच्या बायोटारची ती नक्कल. पूर्ण उघड्या तोंडानें चित्र काढलें तर मागचीं पानें भोंवऱ्यासारखीं गरगर फिरलेलीं दिसतात. हा दोष आहे. भिंगाच्या नळीनें कडेचे किरण अडविल्यामुळें व फोकसाचें क्षेत्र सपाट नसल्यामुळें तो उद्भवतो. परंतु आज त्याच दोषासाठीं तें विकत घेतात, व प्रत्येक बागेंतल्या प्रत्येक मुलीच्या डोक्यामागें तो भोंवरा फिरवितात. पेंटॅक्सच्या कांहीं जुन्या टाकुमार भिंगांच्या काचेंत थोरियम असे, आणि त्याच्या किरणोत्सर्गानें ती काच कालांतरानें पिवळी पडते. त्या पिवळेपणासही 'सोनेरी ऊब' म्हणणारे रसिक आहेत! तोतरेपणास शैली म्हणण्यापैकींच हा प्रकार. जुपिटरमध्येंही दोष आहेत. समोर दिवा असला कीं चित्र फिकें पडतें, कडा सौम्य राहतात, आणि धांवत्या मुलाचें चित्र काढावयाचें असेल तर तें घरीं ठेवलेलें बरें. 'जुनें तें सोनें' हें आम्ही कधींच म्हणालों नाहीं. चालतें तें चालूं द्या, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

नव्या कॅमेऱ्यानें जुन्या भिंगाचें कांहीं भलेंही केलें आहे, हें दोन्ही पक्ष विसरतात. रशियन भिंग लायकाच्या रेंजफाइंडरवर जवळच्या अंतरास थोडें चुकतें अशी जाणत्यांची जुनी तक्रार असे. रिकोंत रेंजफाइंडरच नाहीं. भिंगानें पाडलेली प्रतिमा तीच पडद्यावर दिसते, आणि जेथें ती तीक्ष्ण होते तेथील कडा कॅमेरा ठळक करून दाखवितो. चूक राहावयास जागाच उरत नाहीं. मामांस हें भिंग इतकें चांगलें आहे हें कदाचित् कधीं कळलेंच नसेल.

आमच्या प्रयोगशाळेंत पदवीचीं मुलें मेणबत्ती व कागद घेऊन भिंगाचें नाभीय अंतर काढतात आणि वहींत उतरवितात. दिवसांतून पन्नास वेळां ज्या भिंगांतून तीं जग पाहतात तें फोनांतील भिंग मात्र त्यांनीं कधीं पाहिलेलें नसतें, व पाहतांही येत नाहीं. एकदां आम्हीं जुपिटर काढून त्यांच्यापुढें धरलें, खिडकीबाहेरचें पिंपळाचें झाड कागदावर उलटें पाडून दाखविलें, आणि मग तेंच भिंग कॅमेऱ्यास लावून तेंच झाड पडद्यावर आणलें. मागच्या बांकावरील एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, फोटो आधीं भिंगच काढतं!" इतक्या वर्षांच्या अध्यापनांत इतकें नेमकें वाक्य आम्हांस फार थोड्या वेळां ऐकावयास मिळालें आहे.

जीएक्सआर आतां बनत नाहीं. बंद होऊन पुष्कळ वर्षें लोटलीं. आमचा हा कॅमेरा एक दिवस बंद पडेल व त्याच्या पेट्या निरुपयोगी होतील. भिंग दुसऱ्या धडावर जाईल. ज्यांनीं बंद पेट्यांतील भिंगें घेतलीं त्यांस हा मार्ग नाहीं, आणि त्यांत कांहीं भिंगें फार सुंदर होतीं.

खरा शत्रु निराळाच आहे, आणि तो आमच्या हवेंत आहे. मुंबईच्या व कोंकणच्या पावसाळ्यांत कपाटांत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. चामड्याच्या पेटींत असेल तर लवकर धरते, कारण चामडें ओल पितें. ती बुरशी काचेवरचा लेप खाते व शेवटीं काचेवरही व्रण ठेवते. कोणी भिंगें तांदळाच्या डब्यांत ठेवतात. त्यानें ओलीपेक्षां पीठच अधिक आंत जातें. घट्ट झांकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, याहून दुसरा उपाय आम्हांस ठाऊक नाहीं.

हें लिहीत असतां परवां, श्रावण लागतां लागतां, आमचे तेच अर्थशास्त्रज्ञ मित्र घरीं आले. चहा झाल्यावर त्यांनीं पिशवींतून रुमालांत गुंडाळलेली एक वस्तु काढली. त्यांच्या वडिलांचें कॅननचें एफडी भिंग, ५० मिलिमीटर. कपाट आवरतांना सांपडलें म्हणाले. आम्ही तें उजेडापुढें धरलें. पुढच्या काचेच्या आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती. "निघेल का?" त्यांनीं विचारलें. बैलगाडीचा विषय आम्हीं काढला नाहीं. फोर्टांत बोरा बझारच्या बाजूस आमच्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर आहेत, त्यांस फोन केला. ते म्हणाले, पाऊस उघडल्याशिवाय भिंग खोलणार नाहीं, आंत नवी ओल जाईल; दसऱ्यानंतर आणा. तोंवर तें आमच्या खणांत, मामांच्या भिंगाशेजारीं, पण वेगळ्या डब्यांत ठेवलेलें आहे, कारण एकाची बुरशी दुसऱ्यास लागते.